मोठा सेट घेऊ का?

पत्र असं आहे, थोडं कापून देते:

“ताई, शहादा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या वर्षी हॅमची, म्हणजे हौशी (अमॅच्युअर) रेडिओची, परीक्षा पास झालो, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स मिळालं, ५ वॅटचा हँडी, म्हणजे हातातला सेट, घेतला. पावसाळ्याआधी पुराचा सराव झाला, त्यात मला सारंगखेड्याला तापीच्या पुलाजवळ उभं केलं. फजिती झाली. कंट्रोलवरचे दर वेळी म्हणायचे, ‘सुरुवात कटतेय, पुन्हा बोला.’ पिंप्रीचा निरोप भलत्याच पिंप्रीच्या नावावर नोंदला गेला. दुपारी बॅटरी बसली. एक मित्र म्हणतो, गाडीत बसवायचा ५० वॅटचा मोबाईल रेडिओ सेट घे, मग धडगावपर्यंत आवाज जाईल. त्यालाही सेट घ्यायचाय, पण लायसन्स नाही. मी मोठा सेट घेऊ का? आणि बोलण्यात सफाई कशी आणू?”

भाऊ, सेट आत्ता घेऊ नका. सफाईचंही सोडा. तुमच्या पत्रात मला एक वाक्य हवं होतं ते सापडलं नाही: “मी निरोप लिहून घेतला होता.” पुलाजवळ तुमच्या हातात वही नव्हती असं मी धरून चालते. चूक असेल तर कळवा.

आणीबाणीत आपलं काम पोचवण्याचं असतं. तलाठ्यानं सांगितलेलं तहसीलदारापर्यंत जसंच्या तसं गेलं, की आपण कामाचे. त्यात दोन शब्द इकडचे तिकडे झाले तर आपण नसतो तरी चाललं असतं. म्हणून आधी कागद, मग बटण. निरोप देणाऱ्याला समोर उभा करा, तो बोलेल ते लिहा, त्याला वाचून दाखवा, “हेच ना?” विचारा, सही घ्या. मगच माइक तोंडाशी. माणूस घाईत असतो, सही मागितली की चिडतो. चिडू द्या.

निरोपाच्या कागदावर काय हवं? क्रमांक, तातडी, वेळ, कुणाकडून, कुणाला, मजकूर, सही. मजकूर २५ शब्दांच्या आत बसवा आणि शब्द मोजून आकडा वर लिहा. पलीकडच्यानं लिहून झाल्यावर तोही मोजतो. तुमचे १८ आणि त्याचे १७ निघाले, तर कुठेतरी एक शब्द गळलाय हे दोघांना तिथल्या तिथे कळतं. तातडीच्या पायऱ्या चार: जीवावरचं ते आणीबाणी, औषध, होडी, जेवण, वाहन हे प्राधान्य, “आम्ही सुखरूप आहोत” हे खुशालीचं, बाकी नेहमीचं. सरावात सगळेच सगळ्याला आणीबाणी म्हणतात, आणि मग त्या शब्दाला किंमत उरत नाही.

निरोप घेणाऱ्यानं तो परत वाचून दाखवायचा. “समजलं” म्हणणं पुरत नाही. माझी नोकरी भुसावळ विभागात रेल्वेच्या टेलिकॉममध्ये गेली. तिथे स्टेशन मास्तर गाडीबद्दलचा निरोप एकमेकांना देतात, तेव्हा ऐकणारा तो पुन्हा म्हणून दाखवतो आणि वर प्रायव्हेट नंबरची, म्हणजे निरोप खरा असल्याची खूण असलेल्या आकड्याची, देवाणघेवाण होते. दोन्हीकडच्या रजिस्टरात तो चढतो. रोज ज्याच्याशी बोलायचं त्याच माणसाशीही हे करतात, कंटाळा न करता. आपल्या हॅम मंडळींना मात्र ओळखीचा आवाज आला की सगळं सैल सोडायची खोड आहे.

आता तुमचं ते “सुरुवात कटतेय”. यात दोष सेटचा नाही आणि तुमच्या आवाजाचाही नाही. बटण दाबलं की तुमचा सेट हवेत यायला क्षणभर लागतो. पलीकडचा हँडी बॅटरी वाचवण्यासाठी अर्धवट झोपलेला असतो, तो जागा व्हायला आणखी थोडा वेळ. टोन, म्हणजे ऐकला तरच सेट उघडेल असा ठरावीक सूर, लावलेला असेल तर तो ओळखायला आणखी. मधे रिपीटर, म्हणजे आवाज झेलून पुढे पाठवणारं स्टेशन, असला तर त्याचाही हिशोब त्यात. तेव्हा बटण दाबा, मनात “एक” म्हणा, मग बोला. सोडतानाही तसंच: शेवटचं अक्षर संपू द्या, मग बोट उचला. घाईनं बोट उचलणाऱ्यांचा शेवट कापला जातो, आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. “पाणी पुलावर आलेलं ना…” इथे कापलं गेलं, तर पाणी आलं की नाही, हे कंट्रोलनं कसं ठरवायचं?

माइक तोंडापासून चार बोटं दूर, जरा आडवा. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ. ओरडू नका, एफएमवर ओरडलं की आवाज मोठा होत नाही, फाटतो. वाक्य लिहिण्याच्या वेगानं म्हणा, कारण पलीकडे कुणीतरी बॉलपेन धरून बसलाय. आणि प्रत्येक पाळीनंतर दोन सेकंद मोकळे सोडा. एफएमवर दोघं एकदम बोलले की जोरकस सिग्नल ऐकू येतो आणि कमजोर सिग्नल गडप होतो, बहुतेकदा मागमूसही न ठेवता. नदीपलीकडे कुणी कमजोर सिग्नलवर मदत मागत असेल, तर त्याला शिरायला फट फक्त त्या दोन सेकंदांचीच.

आकड्यांवर जरा जास्त बोलते, कारण आपल्याकडे घोळ इथेच होतो. पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव. शेपूट कापलं गेलं की तिन्ही सारखेच. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, खरखरीत ऐकून बघा. बावीस-बत्तीस तसंच. सात, आठ आणि साठ ही तर भावंडंच. म्हणून आकडा आधी अख्खा, मग सुटा: “पंच्याऐंशी, आकडे आठ, पाच.” फोन नंबर, गाडीचा नंबर, लोकसंख्या, पाण्याची पातळी, सगळं असंच. वेळ २४ तासांच्या घड्याळात. “रात्री बारा दहाला” म्हणजे आजची रात्र की उद्याची, यावर भांडण नको. “शून्य शून्य एक शून्य” आणि सोबत तारीख.

आकड्यामागचं एकक गिळू नका. हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी तुम्ही दर पावसाळ्यात ऐकता. ४१ दरवाजे आहेत त्या धरणाला. विसर्ग कधी क्युसेकमध्ये सांगतात, कधी क्युमेकमध्ये. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. नुसतं “दोन हजार सोडलंय” असं तुमच्याकडून प्रकाशा गावाला पोचलं, तर ऐकणारा कपडे वाळत घालेल की गुरं सोडेल, हे त्यानं कुठलं एकक मनात धरलं त्यावर. तुम्हाला एकक सांगितलं गेलं नसेल, तर निरोप देणाऱ्याला विचारा. स्वतः लावू नका.

पिंप्रीचं दुखणं याच जातीचं. खानदेशात पिंप्री किती, सावखेडे किती, वडगाव किती! बुद्रुक आणि खुर्द तर आहेतच. तुमच्या नंदुरबार जिल्ह्यात वर तर्फे सारंगखेडा, तर्फे हवेली, तर्फे बोरद ही शेपटं, जी बोलताना कुणी लावत नाही पण सातबाऱ्यावर असतात. डोंगरात गेलात की पाड्यांची नावं पुन्हा तीच. गाव सांगताना तीन गोष्टी सांगा: गाव शेपटासकट, तालुका, आणि एक ठळक खूण, म्हणजे नदी किंवा जवळचं मोठं गाव. पावसाळ्याआधी आपल्या पट्ट्यातल्या गावांची यादी तलाठ्याकडून घेऊन वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. पूर आल्यावर ती यादी मागायला गेलात तर तलाठी सापडायचा नाही.

नाव अक्षरं फोडून सांगायचं असेल तर मराठी माणसाला “क कमळातला, ख खटाऱ्यातला” चालतं आणि लवकर कळतं. कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरची आपली ओळखखूण, मात्र व्हिक्टर-युनिफॉर्म-थ्री अशीच, आंतरराष्ट्रीय पद्धतीनं. सरावात कंट्रोलनं “सारंगखेडा पूल” असं कामाचं नाव दिलं असेल तर हाक त्याच नावानं मारा, म्हणजे पाळी बदलून दुसरा माणूस आला तरी हाक बदलत नाही. तरी बोलणं सुरू करताना आणि संपवताना स्वतःची कॉलसाइन द्यायचीच; ती नियमानं लागते. लॉग, म्हणजे बोलण्याची नोंदवही, तोही तसाच.

अहिराणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. गावातला म्हातारा “नदीले पूर येल शे” म्हणाला तर तुम्ही त्याच्याशी अहिराणीतच बोला, तो मोकळा होईल आणि खरं सांगेल. वर पाठवायचं ते साध्या मराठीत. कंट्रोलवर बसलेला माणूस कोकणातला असू शकतो.

आणि त्या म्हाताऱ्यानं सांगितलं ते कुठून आलं, हेही लिहा. “मी पाहिलं”, “तलाठ्यांनी सांगितलं”, “गावात ऐकलं”. हे तीन वेगळे निरोप आहेत. धरण फुटल्याची आवई दर मोठ्या पावसात उठते. ती तुमच्या कॉलसाइननं हवेत गेली, की तिला सरकारी बातमीचं वजन येतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं, त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी शहरात चढतं. अशा वेळी घाटातल्या माणसाचं “मी पाहिलं” सोन्याच्या मोलाचं असतं, आणि बाजारपेठेतल्या माणसाचं “ऐकलं” कधीकधी घातक.

अमॅच्युअर बँड उघडा असतो. लपवून, सांकेतिक भाषेत बोलायची मुभा नाही, आणि स्कॅनर घेऊन कुणीही ऐकत असू शकतं. त्यामुळे मृतांची नावं हवेत घेऊ नका. कुणाचं तरी पोर ऐकत असेल. तसं काही कळवायचं असलं तर “अधिकाऱ्यानं येऊन भेटावं” इतकंच कळवा आणि नावाचा कागद हाती द्या. दुसऱ्यांचे निरोप वाहण्याची सूटही मोकाट नाही: नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली असताना, आपत्तीबद्दलचे, जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून आलेले वा त्यांना जाणारे निरोप, असा तिचा गाभा आहे. म्हणूनच बोलावल्याशिवाय सेट घेऊन पुरात धावू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचा कक्ष आहे. पावसाळ्याआधी तिथे जाऊन नाव, कॉलसाइन आणि तुमच्याकडे काय सामान आहे ते लिहून द्या.

आता ५० वॅट. ५ वरून ५० वर गेलात तर सिग्नल १० डेसिबलनं वाढतो. आकडा दहापट वाटतो, पण पलीकडच्या सेटच्या मीटरवर ते दोन एस-युनिटसुद्धा (सिग्नल मोजायच्या पायऱ्या) नाही. आणि शहादा ते धडगाव यांच्यामधे सातपुडा उभा आहे. दोन मीटर बँडच्या, म्हणजे तुमच्या हँडीच्या, लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. डोंगराला ५० वॅट आणि ५ वॅट यातला फरक फारसा जाणवत नाही. सपाट रानात दोघं हँडी घेऊन उभे असतील तर क्षितिज कागदावर १० किलोमीटरच्या आसपास येतं. त्यातला एक नऊ मीटर उंच गच्चीवर चढला तर १७ किलोमीटरच्या पुढे. तोरणमाळसारख्या हजार मीटरहून उंच जागी एक माणूस बसवला, की दक्षिणेकडचा मोकळा पट्टा बराचसा त्याच्या टापूत येतो आणि डोंगरातल्या काही दऱ्याही. निरोप त्याच्यामार्फत फिरवायचा. सगळ्या दऱ्या नाही, हे सरावातच तपासून नकाशावर खुणा करून ठेवा.

त्या न दिसणाऱ्या दऱ्यांसाठी एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्ह. चाळीस मीटर बँडची सुमारे २० मीटर लांबीची डायपोल तार (दोन सारख्या भागांचा अँटेना) उंच टांगायची नाही, मुद्दाम तीन-चार मीटरवर, दोन बाभळींना बांधायची. लहर जवळपास सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणातल्या लहरी परतवणाऱ्या उंच थरावरून, छत्रीसारखी खाली पसरते. डोंगर मधे येतच नाही. दिवसा चाळीस मीटर, अंधार पडल्यावर ऐंशी मीटर, आणि शे-दोनशे किलोमीटरचा सगळा मुलूख. पैसे साठवायचे असतील तर यासाठी साठवा, आणि आपल्या ग्रेडला कुठल्या बँडवर किती मुभा आहे ते लायसन्सवर पाहून.

तोवर आहे त्या हँडीचं भलं करा. सोबत येणारा रबरी अँटेना खिशासाठी असतो. ४९ सेंटिमीटर तार घेऊन एक टोक अँटेनाच्या बुडाशी, धातूच्या कड्याला नीट टेकेल असं अडकवा आणि बाकीची खाली लोंबू द्या. दोन मीटर बँडवर हँडीच्या जमिनीची (अर्थिंगची) बाजू त्यानं भरून निघते. खर्च चहाइतकाही नाही. बाहेरचा अँटेना बांबूवर चढवलात तर आणखी पुढे जाल, फक्त विजा कडाडत असताना बांबू खाली.

बॅटरी दुपारी बसली कारण तुम्ही दिवसभर पूर्ण पॉवरवर होतात आणि बहुधा कंट्रोलपासून फार दूर नव्हतात. असे हँडी पूर्ण पॉवरवर बोलताना दीड अँपियरच्या आसपास खातात, नुसतं ऐकताना त्याच्या मानानं किरकोळ. कमी पॉवरवर सुरू करा, नीट ऐकू जात नसेल तरच वाढवा. तुमच्या मित्राचा ५० वॅटवाला सेट १० अँपियर आणि वर ओढतो. यूपीएसची ७ अँपियर-तासाची बॅटरी तो अर्ध्या तासाच्या बोलण्यात लोळवेल. दोन भरलेल्या बॅटऱ्या, पिकअपच्या बॅटरीवरून चार्ज करायची वायर, झिपच्या प्लास्टिक पिशव्या सोबत ठेवा. मे महिन्यात सेट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडे सावलीत ४५ अंश होतं, काचेआड किती होत असेल. बटण सोडल्यावर वाजणारी रॉजर बीप बंद. आवाजानं आपोआप चालू होणारं व्हॉक्स बंद, नाहीतर पावसाचा आवाजच प्रसारित होईल. टाइम-आउट टायमर एका मिनिटावर: गाडीत माइक मांडीखाली दबला की अख्खं नेट, म्हणजे कंट्रोलशी जोडलेल्या सगळ्यांचं बोलणं, बंद पडतं, आणि ज्यानं दाबलाय त्यालाच ते ऐकू येत नाही.

नेटवर असताना हाक आल्याशिवाय बोलू नका, चहाला जातानाही सांगून जा. यात अपमान काही नाही. कंट्रोलच्या डोक्यात एक नकाशा असतो आणि त्यावर तुम्ही एक टिकली आहात. टिकली न सांगता हलली की ती शोधण्यात पाच मिनिटं जातात.

सफाई रोजच्या सवयीनं येते, पुराच्या दिवशी येत नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आणि त्यांचा चमू पोर्ट ब्लेअरला होता. गेले होते अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायला, छंदापायी. फोन बंद पडले आणि त्यांच्या त्याच स्टेशनवरून खुशालीचे आणि मदतीचे निरोप वाहू लागले. तारा टांगलेल्या होत्या, हात बसलेले होते. तुम्ही रोज सकाळी १५ मिनिटं चाळीस मीटरवर नुसतं ऐका आणि जे ऐकू येईल ते लिहून काढा. एचएफ सेट नसेल तर कुणा हॅमच्या घरी जाऊन. संध्याकाळी एखाद्याला फोनवर बसवून पेपरातले रावेरच्या केळीचे नाहीतर कापसाचे भाव सांगा, त्यानं लिहायचे, परत वाचायचे. फोनवरच, बाजारभाव बँडवर नको, धंद्याचं बोलणं तिथे चालत नाही. दोन आठवड्यांत तुमचे सात आणि आठ सुटे होतील. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते. घोड्यांच्या गर्दीत, भोंग्यांच्या आवाजात प्रशासनाला विचारून सराव लावा. त्या गोंगाटात निरोप नीट गेला तर पुरातही जाईल.

राहिला मित्र. लायसन्स नसताना सेट विकत घेऊन बटण दाबणं बेकायदा आहे, आणि ते स्वस्तातले सेट बँडबाहेरही बोलतात. चुकून पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर गेला तर त्याची सुटका करायला तुम्हाला जावं लागेल. परीक्षा अवघड नाही, वय १२ पूर्ण असलं की देता येते. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. लायसन्स हातात येईपर्यंत त्याला पुलावर तुमच्या शेजारी वही घेऊन बसवा. लिहायला दुसरा माणूस असला की बोलणाऱ्याचं निम्मं ओझं कमी होतं, आणि त्याचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं असेल तर फारच उत्तम.